विरोधाला मावशी आहेच

कोटाला भोक नव्हतं, आणि तरी माणूस रफूला आला होता.

मावशीने कोट उजेडात धरला, उलटा केला, बाह्या आतून बाहेर ओढल्या, काखेत बोट घालून पाहिलं. काही नाही. एवढा धडधाकट कोट तिच्या टेबलावर कित्येक वर्षांत आला नसेल.

"कुठे गेलंय, डॉक्टर?"

"असेल हो कुठेतरी. तुम्ही बघा सावकाश," म्हणत दातांचे डॉक्टर खिडकीपाशी गेले. हात मागे बांधून त्यांनी बाहेरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग चौकटीकडे, मग वर छताकडे. "उत्तरेची ना ही?"

"खिडकी उत्तरेचीच आहे. कोटाचं बोला."

डॉक्टर हसले. त्यांचे दात फार सुंदर आहेत, धंद्याची जाहिरातच म्हणा ना. कोट खांद्यावर टाकून निघून गेले. दार लागलं तशी मावशी माझ्याकडे वळली.

"हा कोट दाखवायला आला नव्हता. खिडकी बघायला आला होता."

"बघितली तर बघितली. खिडकी बघण्यासाठीच असते."

"खिडकीतून बाहेर बघतात, बये. खिडकीकडे कुणी बघत नाही."

माझी मावशी रफू करते. मी गल्लीतच राहते, पण दिवस तिच्याकडेच जातो. फाटलेल्या, जळलेल्या, कसरीने खाल्लेल्या कापडात त्याच कापडाच्या शिवणीच्या पोटातून धागा काढून असा विणून देते की मालकालाच भोक शोधावं लागतं. तळमजल्यावरची मागची एक खोली, तेच तिचं घर आणि तेच दुकान. एका भिंतीला पलंग, एका भिंतीला शेगडी, आणि खिडकीला चिकटून टेबल. काम सगळं दिवसाउजेडी. दिव्याखाली काळा आणि गडद निळा सख्खे भाऊ दिसतात, ती म्हणते, आणि सकाळी गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहून बोंब मारतं. दिवस कलला की सुई गादीत टोचून ठेवते आणि मगच भांड्यांकडे बघते.

संशय तिच्या रक्तात होता की धंद्याने लावला, कोण जाणे. लोक भोकाबद्दल खोटं बोलतात. सिगारेटने जळलेलं असतं आणि सांगतात, उंदराने कुरतडलं. "उंदीर ओढतो का हो तुमचा?" असं ती तोंडावर विचारते. दूध उतू गेलं नाही तर त्यात पाणी, फार लवकर गेलं तर त्यात आणखी काहीतरी. माझ्या काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पहिल्याच भेटीत होकार दिला म्हणून हिने उलट त्यांच्याच घरी चौकशीला माणूस धाडला होता. काका जाऊन बराच काळ लोटला, पण ती अजून म्हणते, "चांगलाच होता हो. पण इतक्या पटकन हो का म्हणाला, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही त्याने."

अशा बाईला आमच्या रहिवासी मंडळाने डोक्यावर घेतलं, त्याचीही एक गोष्ट आहे.

मंडळ म्हणजे गल्लीतली दहा-पंधरा डोकी. सभा डॉक्टरांच्या दवाखान्यात, संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर. वाट बघायच्या खोलीत सगळे ओळीने बसतात, भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र, त्यामुळे कुठल्याही ठरावाला लोक जरा धास्तावलेलेच असतात. डॉक्टर अध्यक्ष. कचऱ्याचे डबे कुठे, दिवे कुठे, गाड्या कुठे लावायच्या, हे मंडळ सुचवतं आणि नगरपालिका बहुतेक वेळा मान्य करते. तेवढाच त्यांच्या डोक्याचा ताप कमी.

एकदा या मंडळाने पोरांच्या मैदानात बाक बसवायचं ठरवलं. दुपारचं ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून तोंडं पूर्वेला करावीत, असं कुणीतरी म्हणालं. वा, म्हणाले सगळे. एकमताने ठराव. बाक आले, सिमेंटात पक्के झाले, आणि उद्घाटनाला सगळे जण बसले तेव्हा लक्षात आलं की पूर्वेला भिंत आहे. मैदान पाठीमागे, पोरं पाठीमागे, आणि नाकासमोर वीतभर अंतरावर विटा. आजही आमच्याकडचे आजोबा तिथे भिंतीकडे बघत बसतात. म्हणतात, शांत वाटतं.

त्या फजितीनंतर डॉक्टरांनी नियम आणला: कुठलाही ठराव उलट बाजू ऐकल्याशिवाय घ्यायचा नाही. सगळ्यांना पटलेला असला तरी एकाने उभं राहून विरोधात बोलायचंच, मनात काहीही असो. आणि तो स्वतःसाठी बोलत नाही, मंडळासाठी बोलतो, म्हणून त्या ठरावावर त्याचं मत धरायचं नाही. मोठा ठराव असेल तर दोन सभांत दोनदा घ्यायचा.

पहिल्यांदा चिठ्ठी टाकली, ती मावशीची निघाली. विषय होता गल्लीच्या तोंडाशी दिवा. दिव्याला कोण नाही म्हणणार? मावशी उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "दिवा लावा. पण तो माझ्या शेजारणीच्या थेट उशीवर पडणार, आणि तिचा नवरा आधीच झोपेत बोलतो. उजेडात जागा झाला तर जागेपणी पण बोलेल." खोली हसून हसून लोळली. आणि गंमत म्हणजे दिव्याला झडप बसवली गेली.

मग चिठ्ठ्या बंदच झाल्या. डब्यांना विरोध, मावशी. झाडांना विरोध, मावशी. "विरोधाला मावशी आहेच," असं डॉक्टर म्हणायचे आणि लोक खुर्च्या सावरून बसायचे. बेकरीवाली, जी मावशीची एकुलती एक मैत्रीण आणि एकुलती एक टीकाकार, ती बिस्किटांची पिशवी घेऊन पहिल्या ओळीत. मावशी आवाज चढवायची, हात नाचवायची, मध्येच थांबायची. मी नाटक शिकलेली मुलगी, पण ती थांबण्याची जागा मला कुणी शिकवली नव्हती. खोलीत एकटी राहणारी, दिवसभर धाग्याशी बोलणारी बाई तिथे उभी राहिली की उंच दिसायची. संशयाला टाळ्या मिळतात हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं होतं.

तर, बिनभोकाच्या कोटानंतरच्या सभेत डॉक्टरांनी नकाशा उलगडला.

मावशीच्या मागची मोकळी जागा नगरपालिकेची. तिथे काय करावं, ते मंडळाने सुचवायचं. डॉक्टरांचं म्हणणं, वाचनालय. खाली पुस्तकं, वर सभागृह, दोन मजले. नकाशावर बोट फिरवत होते आणि मावशीची नजर त्या बोटावर. बोट फिरत फिरत आलं आणि तिच्या खिडकीपासून हातभर अंतरावर एक जाड रेघ होती, तिथे थांबलं.

"उत्तम!" लोक म्हणाले. "पोरं वाचतील."

"आता उलट बाजू," डॉक्टर म्हणाले. "वाचनालयाला विरोध म्हणजे कठीण परीक्षा आहे. पण मावशी आहेच!"

मावशी उठली. पदर खोचला नाही. हात नाचवले नाहीत. "ही भिंत माझ्या खिडकीवर येते," ती म्हणाली. "माझं काम उजेडाचं आहे. दिव्यात मला रंग कळत नाही. खिडकी गेली तर माझं दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर मी या वयात दुसरं काय करू, ते मला ठाऊक नाही. माझी विनंती आहे, इथे बांधू नका." आवाज फाटला. तिने खुर्चीची पाठ धरली. "एवढंच."

आणि मग टाळ्यांचा कडकडाट.

"वा! वा! आज तर डोळ्यांत पाणी आणलंत!"

"साधेपणाने केलंत, तेच लागलं आतपर्यंत."

बेकरीवाली बिस्कीट चावायची विसरली होती. "मेले, किती खोटं बोलतेस गं! मला खरंच वाटलं."

"खरंच आहे," मावशी म्हणाली.

"बघा, अजून सोडत नाही!"

हात वर झाले. सगळेच. मी मंडळाची सभासद नाही, मला हातच नव्हता. विरोधाच्या वेळी मावशीचा हात अर्धा वर आला, तेव्हा डॉक्टर हळुवारपणे म्हणाले, "मावशी, तुमचं मत धरत नाही आपण. नियम तुम्हाला माहीत आहे." आणि पुढच्या विषयाकडे वळले.

घरी आल्यावर तिने दार लावून कडी घातली, कडी घातली आहे ना ते पाहिलं, आणि मग:

"हे आधीपासून ठरलेलं होतं."

"काय?"

"सगळं. तो नियम. ती चिठ्ठी. मला डोक्यावर बसवलं ते कशाला? माझं तोंड पोकळ करायला. आता मी आग आग म्हणून ओरडले तरी हे म्हणतील, वा, काय धग आणलीत!"

"मावशी, तुला डोक्यावर बसवलं तेव्हा वाचनालयाचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं."

"तुला काय माहीत कुणाच्या स्वप्नात काय असतं?"

मी हसले. पण रात्रभर मलाही तो कोट आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिची दाढ दुखू लागली. दुखत होती की दुखवली, ते विचारू नका. डॉक्टरांच्या त्या मागे कलणाऱ्या खुर्चीत ती आडवी झाली, मी दाराशी उभी. तिचा बेत असा, की माणूस कामात असला की खरं बोलतो. बेतात एकच चूक होती.

"मोठं उघडा. आणखी. हं." डॉक्टरांनी आरसा आत घातला, कापूस घातला, एक नळी गालात अडकवली. "काल उजेडाचं काय सुंदर बोललात, मावशी."

"आं आं!"

"नाही, खरंच. माझी बायको रडली."

"आं-आं-आं!"

"हलू नका. आणि एक सांगू? भिंत पांढरी करून घेऊ आपण. पांढऱ्यावरून उजेड परततो. मी स्वतः येऊन बघून गेलोय ना, फारसा फरक पडणार नाही."

मावशी ताठ झाली. डोळे मोठे. नळी घरघरत होती आणि ती जे काही म्हणत होती ते सगळं त्या नळीत जात होतं. कापूस निघाला तेव्हा डॉक्टर हात धूत होते आणि पुढचा पेशंट आत आला होता.

"ऐकलंस?" रस्त्यावर येताच तिने माझा दंड धरला. "येऊन बघून गेलोय, म्हणाला! म्हणजे त्याला ठाऊक होतं. भाषण खोटं नाही हे ठाऊक होतं आणि तरी टाळ्या वाजवल्या."

"किंवा त्यांना वाटतंय, पांढऱ्या भिंतीने खरंच भागेल."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

त्या दिवसांत ती बेकरीतून पाव आणला तरी उलटून बघायची. बेकरीवाली खिडकीवरून गेली की म्हणायची, ही आज इकडून का गेली? कामाच्या वेळी मान वर करून मोकळ्या जागेकडे पाहायची आणि टाका चुकायचा. उसवून पुन्हा घालायची. एका राखाडी कोटावर ती चार दिवस अडली. मी तिला कधी उसवताना पाहिलं नव्हतं.

ठराव दुसऱ्यांदा घ्यायची सभा आली. जाताना तिने केस विंचरले, चांगली साडी नेसली. काय बोलणार आहेस, मी विचारलं. "बघू," म्हणाली. तो बेत होता की थकवा, ते मला आजही सांगता येणार नाही. तिला विचारलं तर ती विचारते, "कुणी विचारायला सांगितलं?"

डॉक्टरांनी ठराव वाचला. "आणि उलट बाजूला..."

"मी नाही," मावशी म्हणाली. "मी ठरावाच्या बाजूने आहे. चांगलं काम आहे. बांधा."

आणि बसली.

कुणीतरी खोकलं. बेकरीवालीने बिस्किटांची पिशवी मिटली. भिंतीवरची दाढसुद्धा जरा पुढे झुकून बघत्येय असं मला वाटलं.

"म्हणजे... बाजूने?" डॉक्टर म्हणाले.

"बाजूने."

"कशी काय?" हा नळवाला, गल्लीतले सगळे नळ दुरुस्त करणारा, एरवी सभेत डुलक्या काढायला येणारा माणूस. आता खडबडून जागा झाला होता. "मावशी, तुम्ही तर कचऱ्याच्या डब्यालाही हो म्हणाला नव्हता."

"आज म्हणते आहे."

बेकरीवाली वळून बसली. "ती जागा तुझ्या खिडकीमागेच ना गं?"

"हो."

"भिंत तुझ्या नाकासमोर येणार."

"येऊ दे."

"त्या दिवशी तर रडत होतीस!"

"त्या दिवशी मी विरोधाला होते. तुम्हीच टाळ्या वाजवल्यात."

"मग आज काय झालं? काय देणार आहेत तुला?"

"कुणी कुणाला काही देणार नाही!" डॉक्टर मध्ये पडले.

"डॉक्टर," नळवाला म्हणाला, "तिला काही मिळणार नाही, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

झालं. दोरा निसटला की वीण जशी सरसर उसवत जाते, तशी खोली उसवली. वरचा मजला कुणासाठी? मंडळासाठी. मंडळ इथे बसतंय ते टोचतंय का कुणाला? सभागृह महिन्यातून एकदा लागणार, मग बाकीचे दिवस किल्ली कुणाकडे? आणि डॉक्टर, तुमची मुलगी शिकून परत येत्येय ना, ती पण दातांचीच ना? डॉक्टर लाल झाले. "तिचा इथे काय संबंध?" "आम्ही कुठे म्हणालो संबंध आहे? आम्ही विचारलं, दातांचीच ना?" पहिल्या सभेत याच लोकांनी त्या नकाशाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, आता त्यावर सगळ्यांची डोकी आपटत होती. मावशी मात्र हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि जो तो मधूनच तिच्याकडे चोरून पाहत होता, जणू तिच्या पोटात काहीतरी लपवलेलं आहे.

"नियमाप्रमाणे कुणीतरी उलट बाजू मांडायला हवी," डॉक्टर थकून म्हणाले.

नळवाला उठला. "मी मांडतो. मावशी या ठरावाच्या बाजूने आहे. याहून वेगळी उलट बाजू मला तरी नको."

त्यावर कुणी हसलं नाही. ठराव तूर्त बाजूला राहिला. दुसऱ्या दिवशी उजेडात जागेवर जाऊन बघायचं ठरलं.

जागेवर म्हणजे मावशीकडे. मोकळ्या जागेला कुंपण, आत गवत कमरेएवढं. आणि खरं सांगायचं तर कुणाला गवत बघायचं नव्हतं, मावशीने काय लपवलंय ते बघायचं होतं. सकाळी तिच्या खोलीत इतकी माणसं शिरली की मला पलंगावर चढून उभं राहावं लागलं. बेकरीवालीने शेगडीमागे पाहिलं. कुणीतरी पलंगाखाली. मावशी टेबलाशी तो राखाडी कोट घेऊन बसलेली, मान खाली, सुई चालू.

"हं, इथून दिसेल," डॉक्टर म्हणाले आणि खिडकीशी गेले. "रेघ त्या दगडापासून येते."

"कुठला दगड?" नळवाला त्यांच्या खांद्यावरून वाकला. मागून बेकरीवाली घुसली. मग आणखी दोघे, मग त्यांच्या पाठीशी टाचा उंचावून बाकीचे. "सरका, बघू द्या!" "हातभरच अंतर आहे की हो!" "हातभर तरी कुठे!"

पलंगावरून मला खोली वरून दिसत होती. टेबलावरचा राखाडी आधी तपकिरी झाला, मग नुसता काळोखा. कोटाची कड कुठे संपते आणि टेबल कुठे सुरू होतं ते कळेना. मावशीने सुई थांबवली. ती कापडात अर्धी तशीच ठेवून दोन्ही हात बाजूला घेतले आणि बसून राहिली.

खिडकीशी आवाज कमी होत गेला. आधी बेकरीवाली वळली. तिने मावशीचे रिकामे हात पाहिले, मग टेबल, मग मान वळवून स्वतःच्या रुंद पाठीमागची खिडकी. तिने नळवाल्याची बाही धरून त्याला बाजूला ओढलं. तो सरकला तसा उजेडाचा एक पट्टा कोटावर पडला. मग एकेक करून सगळे भिंतीला लागले. शेवटी खिडकीत एकटे डॉक्टर, पाठमोरे, अजून दगड शोधत.

"डॉक्टर," बेकरीवाली म्हणाली. "मागे बघा."

त्यांनी मागे पाहिलं. कोटावर बरोबर त्यांच्या आकाराची सावली होती.

वाचनालय होतंय. एक मजली, रस्त्याच्या बाजूला, मावशीच्या खिडकीपासून लांब. वरच्या मजल्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, डॉक्टरांनीही नाही. ते का काढत नाहीत, यावर मावशीची दोन मतं आहेत. पाया खणायला सुरुवात झाली त्या दिवशी ते आले होते, या वेळी काहीही न घेता. दारातच उभे राहिले.

"मला नीट सांगायचं होतंत, मावशी. आधीच."

"सांगितलं होतं. टाळ्या वाजवल्यात."

मावशी धागा दातांनी तोडून त्यांच्याकडे बघत राहिली.

"तेव्हा खरं नाही वाटलं?" तिने विचारलं.

"वाटलं ना," ते म्हणाले. "म्हणून तर वाजवल्या."